गोडोमध्ये व्हेरिएबलची किंमत स्क्रीनवर कशी दाखवायची

नाणं उचललं. कोडमध्ये गुण दहानं वाढले, आउटपुटच्या चौकटीत १० छापूनही आलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा मात्र अजून शून्यच. गेम बनवायला नुकतीच सुरुवात केलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे अडतो. मीही अडलो होतो, आणि आता नवीन कुणाला शिकवायला बसलो की पहिल्या दिवशी हाच विषय घेतो. स्क्रीनवर आकडा दिसायला लागला की बाकीचा गेम तपासणंही खूप सोपं होतं.

अडण्याचं कारण एकच असतं. गुणांचं व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये किंमत साठवायची नाव दिलेली जागा, ही एक वस्तू आहे आणि स्क्रीनवर मजकूर दाखवणारं लेबल ही दुसरी. व्हेरिएबल मेमरीत राहतं, लेबल आपल्यापाशी स्वतःचा वेगळा मजकूर बाळगून असतं. लेबलला आपण गुण देतो तेव्हा त्या क्षणाची नक्कल त्याच्याकडे जाते, तिथे दोघांचं नातं संपतं. पुढे गुण कितीही बदलले तरी लेबलला त्याचा पत्ता नसतो. मैदानावरचा धावफलक आठवा. धावा वहीत लिहिल्या गेल्या म्हणून फलकावरचा आकडा आपोआप बदलत नाही, कुणीतरी जाऊन तो बदलावा लागतो. तुमच्या गेममध्ये ते काम कोण करणार आणि कधी करणार, एवढं ठरवायला शिकायचं आहे.

हा लेख गोडो या गेम बनवायच्या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीसाठी आहे. गोडो २०१४ पासून मुक्त स्रोत आहे आणि ४.० ही आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीचे धडे अजून सगळीकडे सापडतात. ते ओळखायची खूण अशी: ऑनरेडी आणि एक्स्पोर्ट या शब्दांच्या आधी @ ही खूण नसेल, किंवा सेटगेट असा शब्द दिसला, तर तो धडा जुना आहे. त्यातला कोड नव्या आवृत्तीत जसाच्या तसा चालणार नाही.

कोड वाचण्याआधी एक सूचना. खालच्या ओळी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. व्हार, फंक, टेक्स्ट, स्ट्र असे इंजिनाचे शब्द आणि कोडमधले अंक एडिटरमध्ये इंग्रजी लिपीतच टाइप करायचे. गुण, पाटी, लिही ही आपण ठेवलेली नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात, कारण चौथ्या आवृत्तीपासून जीडीस्क्रिप्टला, म्हणजे गोडोच्या कोडच्या भाषेला, युनिकोड नावं (इंग्रजीखेरीज इतर लिपींतलीही) समजतात. शिकताना मला हे फार सोयीचं वाटतं: इंजिनाचा शब्द कोणता आणि आपला कोणता हे नजरेलाच कळतं. इतरांबरोबर मिळून काम कराल तेव्हा सगळ्यांनी मिळून नावांची एक पद्धत ठरवा.

आधी पाटी टांगा

गोडोत गेमचा प्रत्येक भाग म्हणजे एक सीन, आणि सीन ज्या घटकांचा बनतो ते नोड. नवीन टू-डी सीन उघडा. मूळ नोडखाली कॅनव्हासलेयर जोडा आणि त्याचं नाव ‘पडदा’ ठेवा. पडद्याच्या पोटात एक लेबल जोडा, त्याचं नाव ‘पाटी’. लेबल निवडलेलं असताना इन्स्पेक्टरमध्ये टेक्स्ट नावाचा रकाना दिसेल, तिथे सध्या काहीही लिहा. एफ६ दाबून हाच सीन चालवा आणि अक्षरं दिसतात का ते बघा.

कॅनव्हासलेयर टाळायचा मोह होतो, कारण त्याच्याशिवायही लेबल दिसतं. पण गेममध्ये कॅमेरा आला आणि खेळाडूमागे सरकायला लागला की साधं लेबल जगाबरोबर मागे राहतं आणि स्क्रीनबाहेर जातं. कॅनव्हासलेयरमधल्या गोष्टी कॅमेऱ्याबरोबर सरकत नाहीत, त्या काचेवर चिकटवल्यासारख्या जागीच राहतात.

लेबलची जागा माऊसनं ओढून ठरवू नका. वरच्या पट्टीत अँकरचा पर्याय आहे, तिथून वरचा डावा किंवा वरचा उजवा कोपरा निवडा. खिडकीचा आकार बदलला तरी पाटी त्या कोपऱ्याला धरून राहते. अक्षरांचा मूळ आकार १६ असतो. तो गेमच्या धावपळीत वाचायला लहान पडतो, निदान २४ करा.

पहिली ओळ

आता मूळ नोडला स्क्रिप्ट जोडा आणि हे लिहा:

व्हार गुण = ०
@ऑनरेडी व्हार पाटी = $"पडदा/पाटी"

फंक _रेडी():
    पाटी.टेक्स्ट = स्ट्र(गुण)

दुसऱ्या ओळीत डॉलरच्या खुणेपुढे नोडपर्यंतची वाट लिहिली आहे: आधी पडदा, त्याच्या आत पाटी. ती हातानं लिहायचीही गरज नाही. सीनच्या यादीतून पाटीचा नोड कंट्रोलचं बटण दाबून धरून स्क्रिप्टमध्ये ओढून सोडा, ही पूर्ण ओळ एडिटर स्वतः लिहितो. नावाच्या स्पेलिंगमध्ये होणाऱ्या चुका त्यामुळे टळतात.

ऑनरेडी कशासाठी, तर स्क्रिप्टमधली व्हेरिएबलं तयार होतात त्या वेळी आतले नोड अजून हाताशी आलेले नसतात. ऑनरेडी म्हणजे ‘सगळी मुलं जागेवर आल्यावर मग शोध’. ते लिहायला विसरलात तर पाटी रिकामी राहते आणि तिच्यावर लिहायला गेलं की गेम थांबतो. लाल अक्षरांत ‘निल’ किंवा ‘नल’ असा शब्द दिसला की समजायचं, आपण ज्याला नोड समजतोय तिथे काहीच नाही. शंभरातल्या बहुतेक वेळा वाट चुकलेली असते किंवा ऑनरेडी राहून गेलेलं असतं.

आणि स्ट्र? लेबलच्या टेक्स्टला मजकूरच लागतो, संख्या चालत नाही. थेट गुण दिले तर गोडो तक्रार करतो. "गुण: " + गुण असं लिहिलं तरीही तेच, कारण मजकूर आणि संख्या यांची बेरीज त्याला करता येत नाही. संख्या आधी स्ट्र या फंक्शनमधून काढायची:

पाटी.टेक्स्ट = "गुण: " + स्ट्र(गुण)

एवढं चालवलं की स्क्रीनवर ‘गुण: 0’ दिसेल. आणि पुढे काहीही झालं तरी तेच दिसत राहील, कारण रेडी हे फंक्शन नोड तयार झाल्यावर एकदाच चालतं.

आकडा बदलला हे पाटीला कोण सांगणार?

सगळ्यात सोपा उपाय बहुतेकांना पहिल्याच दिवशी सापडतो. ती ओळ रेडीमधून उचलून _प्रोसेस या फंक्शनमध्ये टाकायची. प्रोसेस दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र नव्यानं काढलं जातं त्या प्रत्येक वेळी, चालतं, म्हणजे साधारण ६० फ्रेमच्या वेगानं पाटी सेकंदाला ६० वेळा लिहिली जाईल. हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. एकदोन लेबलांनी गेम मंदावत नाही, आणि मजकूर तोच असेल तर लेबल पुन्हा आखणीचं काम करत बसत नाही. वेळ दाखवणारं घड्याळ असेल तर तिथे प्रोसेसच योग्य, कारण वेळ खरोखरच दर फ्रेमला बदलते.

गुण मात्र मिनिटातून चारदोन वेळा बदलतात. त्यासाठी दर फ्रेमला विचारपूस करण्यापेक्षा, बदल होतो तिथेच पाटी लिहिलेली बरी. मग नवीन माणूस काय करतो? जिथे जिथे गुण वाढतात तिथे तिथे पाटी लिहायची ओळ चिकटवतो. नाणं उचललं तिथे एक, शत्रू मारला तिथे एक, बोनस मिळाला तिथे एक. चौथ्या ठिकाणी ती ओळ विसरते, आणि ती चूक शोधायला अख्खी संध्याकाळ जाते, कारण बाकी तीन ठिकाणी सगळं बरोबर चालत असतं.

यावर गोडोकडे नेमकं औषध आहे, त्याला सेटर म्हणतात:

व्हार गुण = ०:
    सेट(नवे):
        गुण = नवे
        पाटी_लिही()

फंक पाटी_लिही():
    इफ पाटी == नल:
        रिटर्न
    पाटी.टेक्स्ट = "गुण: " + स्ट्र(गुण)

फंक _रेडी():
    पाटी_लिही()

आता कोडमध्ये कुठूनही गुण += १० लिहिलं की आधी सेट चालतं, त्यात गुण बदलतात आणि लगेच पाटी लिहिली जाते. विसरायला जागाच उरत नाही. सेटच्या आत पुन्हा गुण = नवे लिहिलंय, मग तो स्वतःलाच बोलावत बसेल का, ही शंका रास्त आहे. नाही बसत. सेटरच्या आत स्वतःच्याच व्हेरिएबलला किंमत दिली की ती थेट बसते.

नल असल्यास परत फिरणाऱ्या त्या दोन ओळी अनावश्यक वाटतील. त्या काढू नका. समजा गुणांच्या आधी तुम्ही @एक्स्पोर्ट लावलं, म्हणजे सुरुवातीचे गुण इन्स्पेक्टरमधून भरता यावेत, आणि तिथे ५० लिहिलं. सीन तयार होताना गोडो ते ५० सेटरमधूनच आत पाठवतो, आणि त्या क्षणी रेडी अजून झालेलं नसतं. पाटी नल असते. तपासणी नसेल तर गेम सुरू व्हायच्या आधीच कोसळतो, आणि चूक दाखवली जाते ती अशा ओळीवर की जी काल व्यवस्थित चालत होती. म्हणूनच रेडीमध्ये पाटी_लिही एकदा हातानं बोलावली आहे: आधी हुकलेलं लिखाण तिथे भरून निघतं. शिवाय सुरुवातीची शून्य ही किंमत सेटरमधून जातच नाही, त्यामुळे ती दाखवायलाही हीच ओळ लागते.

खेळाडू एकीकडे, पाटी दुसरीकडे

वरची रचना गुण आणि पाटी एकाच सीनमध्ये असेपर्यंत छान चालते. खऱ्या गेममध्ये खेळाडूचा सीन वेगळा असतो, पडद्याचा वेगळा. खेळाडूच्या स्क्रिप्टनं पाटीपर्यंतची वाट पाठ करून ठेवली तर पडद्याची मांडणी बदलली की खेळाडू मोडतो. खेळाडूला पाटीबद्दल काही माहीत असायलाच नको. त्यानं फक्त जाहीर करावं: माझे गुण बदलले. ज्याला ऐकायचं असेल तो ऐकेल. या जाहीर करण्याला सिग्नल म्हणतात.

खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये:

सिग्नल गुण_बदलले(नवे)

व्हार गुण = ०:
    सेट(नवे):
        गुण = नवे
        गुण_बदलले.एमिट(गुण)

आणि पाटीला स्वतःची स्क्रिप्ट:

एक्स्टेंड्स लेबल

@एक्स्पोर्ट व्हार खेळाडू: नोड

फंक _रेडी():
    खेळाडू.गुण_बदलले.कनेक्ट(लिही)
    लिही(खेळाडू.गुण)

फंक लिही(नवे):
    टेक्स्ट = "गुण: " + स्ट्र(नवे)

एक्स्पोर्टमुळे इन्स्पेक्टरमध्ये ‘खेळाडू’ नावाचा रिकामा रकाना येतो. मुख्य सीनमध्ये खेळाडूचा नोड त्यात नेमून द्या. पाटी वेगळ्या सीनच्या पोटात दडलेली असेल तर हा रकाना त्या सीनच्या सर्वात वरच्या नोडवर ठेवा, म्हणजे मुख्य सीनमधून तो दिसेल. नेमायचं राहिलं तर पुन्हा तीच नलची तक्रार.

रेडीमधली दुसरी ओळ मी अनेकांच्या कोडमध्ये गाळलेली बघितली आहे, आणि माझ्या पहिल्या गेममध्ये मीही गाळली होती. आरोग्याची पाटी सुरुवातीला कोरी असायची, खेळाडूला पहिला फटका बसला की मग आकडा उमटायचा. कारण साधं आहे. सिग्नल पुढच्या बदलांची खबर देतो, आधीची किंमत सांगत नाही. जोडणी होण्यापूर्वी खेळाडूनं सिग्नल पाठवला असेल तर तो हवेत विरून जातो. म्हणून ऐकायला जोडून घेतल्यावर सध्याचा आकडा एकदा स्वतः विचारून घ्यायचा.

या रचनेचा फायदा पुढे कळतो. नाणं मिळाल्यावर आवाज वाजवायचा असेल, शंभर गुणांवर दार उघडायचं असेल, तर तेही त्याच सिग्नलला जोडता येतं. खेळाडूच्या स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना गुण टिकायला हवे असतील तर ते खेळाडूत ठेवून भागत नाही, कारण सीन बदलला की जुना खेळाडू पुसला जातो. तेव्हा गुण आणि सिग्नल हे दोन्ही ऑटोलोड केलेल्या, म्हणजे सीन बदलला तरी टिकून राहणाऱ्या, स्क्रिप्टमध्ये हलवा. बाकी कोड जवळपास तसाच राहतो.

आकडा वाचण्याजोगा करा

दशांश असलेली संख्या स्ट्रमधून काढली की पुष्कळदा लांबलचक शेपूट येतं. उरलेले सेकंद दाखवायचे असतील तर दोन रस्ते आहेत. टक्क्याच्या खुणेचा साचा वापरून ‘दशांशानंतर एकच अंक’ असं सांगता येतं, किंवा संख्या पूर्ण करून घेता येते. पूर्ण करताना एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. इंट या फंक्शननं दशांश नुसता कापला जातो, म्हणजे अर्धा सेकंद शिल्लक असतानाच पाटीवर शून्य दिसतं आणि गेम अजून चालूच असतो. खेळणाऱ्याला ते खटकतं. उलट्या मोजणीसाठी सील वापरा, ते वरच्या पूर्ण संख्येकडे नेतं, आणि मग शून्य दिसतं तेव्हा वेळ खरोखरच संपलेली असते:

पाटी.टेक्स्ट = स्ट्र(इंट(सील(उरलेला_वेळ)))

दुसरी फसगत भागाकाराची. आरोग्य ३७ आहे, कमाल १००, टक्के काढायला आरोग्य / कमाल * १०० लिहिलं, आणि पाटीवर शून्य आलं. दोन्ही पूर्णांक असले की जीडीस्क्रिप्टमध्ये भागाकारही पूर्णांकच येतो, ३७ भागिले १०० म्हणजे शून्य, त्याला पुढे शंभरानं गुणून काय होणार? गुणाकार आधी करा, किंवा एकाला फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलून घ्या. नुसती पट्टीच दाखवायची असेल तर प्रोग्रेसबारला कमाल आणि सध्याची किंमत थेट द्या, टक्के काढायची गरजच नाही.

देवनागरी अक्षरं आणि अंक

तिसऱ्या आवृत्तीपर्यंत गोडोमध्ये मराठी मजकूर नीट उमटत नसे. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जायची, जोडाक्षरं फुटायची. चौथ्या आवृत्तीत मजकूर आखणारी यंत्रणा नव्यानं आली आणि ‘स्थिती’ हा शब्द स्थितीसारखाच दिसायला लागला. मला याचा मनापासून आनंद आहे. आपल्या भाषेतले गेम बनवण्यातला एक खरा अडथळा त्यामुळे गेला.

फाँट मात्र तुम्हालाच द्यावा लागतो. गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर अक्षरं बरोबर दिसतील, कारण गोडो ती सिस्टीमच्या फाँटमधून उसनी घेतो. तोच गेम ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट केला की तिथे उसनं घ्यायला काही नसतं, आणि पाटीवर रिकामे चौकोन येतात. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. त्यातला एक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआयखालच्या थीममध्ये कस्टम फाँट म्हणून नेमा. हे काम पहिल्या दिवशीच करून टाका.

स्ट्रमधून येणारे अंक इंग्रजी असतात. ते मराठीत हवे असतील तर छोटं फंक्शन पुरतं. अवतरणचिन्हांतले दहा अंक इथे खरोखरच देवनागरीत लिहायचे:

फंक मराठी_अंक(संख्या):
    व्हार उत्तर = ""
    फॉर अक्षर इन स्ट्र(संख्या):
        इफ अक्षर.इज_व्हॅलिड_इंट():
            उत्तर += "०१२३४५६७८९"[अक्षर.टू_इंट()]
        एल्स:
            उत्तर += अक्षर
    रिटर्न उत्तर

संख्येतलं एकेक अक्षर घ्यायचं. अंक असेल तर मराठी अंकांच्या माळेतला त्या क्रमांकाचा मणी उचलायचा, उणे चिन्ह किंवा दशांशबिंदू असेल तर तसाच पुढे ठेवायचा. मोजणी नेहमी मूळ संख्येवर करा. हे फंक्शन फक्त पाटीवर लिहिण्याच्या अगदी शेवटच्या पायरीला वापरा, कारण त्यातून बाहेर पडतो तो मजकूर, त्याची बेरीज होत नाही.

तरीही आकडा हलत नसेल तर

कोडकडे टक लावून बसण्याआधी गेम चालू ठेवूनच एडिटरमध्ये या. सीनच्या यादीवर ‘रिमोट’ नावाचा टॅब आलेला असतो. त्यात चालू गेममधले जिवंत नोड दिसतात. गुण ज्या नोडवर आहेत तो निवडा आणि इन्स्पेक्टरमध्ये गुणांची किंमत बघा, मग पाटी निवडून तिचा टेक्स्ट बघा.

गुणच वाढलेले नसतील तर पाटीला दोष नाही, नाणं उचलण्याचा कोड तपासा. गुण १० आणि टेक्स्टमध्ये अजून शून्य असेल तर मधला निरोप पोहोचत नाहीये: सेटरमध्ये सिग्नल पाठवायचा राहिला का, कनेक्टची ओळ खरंच चालली का, आणि खेळाडूच्या रकान्यात नेमलेला नोड हाच खेळाडू आहे का, ते बघा. एकाच नावाचे दोन खेळाडू सीनमध्ये असणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही. आणि दोन्हीकडे १० असूनही स्क्रीनवर काही दिसत नसेल तर प्रश्न चित्राचा आहे. पाटी स्क्रीनच्या बाहेर गेली असेल, अक्षरांचा रंग पार्श्वभूमीत मिसळला असेल, किंवा वरच्या थरातल्या एखाद्या चित्रानं ती झाकली असेल. रिमोटमध्येच पाटीची पोझिशन बदलून बघा, ती कुठे लपली होती ते लगेच दिसतं.